मामानाताली : लेबर रूममध्ये वापरून पाहिल्यानंतरचं मत

मामानाताली (बाळंतपणाचा सराव करायचा संच) घ्यावी का, असं मला आसपासच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या सिस्टर, नर्सिंग स्कूलच्या पाठ्यनिर्देशिका आणि खासगी प्रसूतिगृहं चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम फोन करून विचारतात. दर वेळी अर्ध्यावरच कुणीतरी हाक मारतं आणि बोलणं तुटतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी एका उपजिल्हा रुग्णालयाच्या प्रसूती विभागात परिसेविका आहे. हा संच आम्हाला देणगीतून मिळाला. नव्या अधिपरिचारिका, एएनएम (साहाय्यक परिचारिका-दाई), इंटर्न डॉक्टर आणि आमचे वैद्यकीय अधिकारी या सगळ्यांना मी त्यावर शिकवलं आहे. माझं उत्तर आधीच सांगते : जरूर घ्या. पण घेऊन कपाटात कुलूप लावून ठेवणार असाल, तर ते पैसे दुसरीकडे खर्च करा.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी. नॉर्वेतल्या स्टाव्हांगर शहरात लार्डल नावाची कंपनी आहे. ती आधी खेळणी बनवायची. १९६० मध्ये त्यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी रिससी ॲन ही बाहुली काढली. सीपीआर शिकलेल्या बहुतेकांनी ती पाहिलेली असते. त्याच घरातली लार्डल ग्लोबल हेल्थ ही ना-नफा तत्त्वावरची संस्था मामानाताली बनवते. अमेरिकेतल्या जपायगो संस्थेने 'हेल्पिंग मदर्स सर्व्हाइव्ह' हे प्रशिक्षण तयार केलं आहे. त्यातल्या बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाच्या पाठात हीच वापरतात. या पाठाची पहिली चाचणी तीन ठिकाणी झाली, मलावी, झांझिबार आणि आपला भारत.

मामानाताली टेबलावर निजवून ठेवायची बाहुली नाही, ती माणसाने अंगावर बांधायची असते. आपल्यातलीच एखादी सिस्टर पट्टे आवळून ती पोटावर चढवते आणि टेबलावर रेलून बसते. पुढून मऊ कातडीचं पोट दिसतं, खाली योनिमार्ग, आत बाळ, नाळ, वार (प्लासेंटा), रक्ताची टाकी आणि मूत्राशय. बांधणारीचे हात त्या पोटाच्या आड असतात. बाळ पुढे सरकवायचं की थांबवायचं, वार सोडायची की धरून ठेवायची, गर्भपिशवी घट्ट करायची की ढिली, रक्त थेंबथेंब येऊ द्यायचं की धार लावायची, हे सगळं तिच्या हातात. बाळाच्या ठोक्यांचा आवाजसुद्धा तीच काढते. वीज लागत नाही, बॅटरी नाही, स्क्रीन नाही. लोडशेडिंगच्या गावात याचं मोल मला वेगळं सांगायला नको. यापेक्षा कितीतरी महागडे, संगणकावर चालणारे पुतळे मी प्रशिक्षणांत पाहिले आहेत. ते चालवायला खास माणूस लागतो आणि तो रजेवर असला की पुतळ्यावर चादर पडते.

बाळासाठी बरोबर निओनाताली ही बाहुली येते. तिच्यात पाणी भरलं की नवजात बाळाएवढं वजन हाताला जाणवतं. पहिल्या मिनिटात पुसणं, उबेत ठेवणं, गरज पडली तर बॅग-मास्कने श्वास देणं यासाठी ती उत्तम आहे. तो वेगळा विषय आहे, आज मी आईबद्दल लिहिते आहे.

मामानातालीने आमच्याकडे सगळ्यात जास्त काय बदललं असेल तर वार काढण्याची पद्धत. पुस्तकात ते चार ओळींत असतं. बाळ झाल्यावर पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करायची, एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन या गर्भपिशवी आवळणाऱ्या औषधाची १० युनिट स्नायूत द्यायची, बाळ नीट असेल तर एक ते तीन मिनिटं थांबून नाळ कापायची, मग हलक्या ताणाने वार घ्यायची. यातला 'हलका ताण' कागदावरून कळत नाही. किती हलका? कुठल्या दिशेला? वरच्या हाताने काय करायचं? मुली परीक्षेत धडाधड उत्तर देतात आणि टेबलाशी आल्या की नाळेला हात घालून ओढायला लागतात.

मामानातालीत वार बांधणारीच्या मुठीत असते. शिकणारीने एक हात जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या हाडाच्या) वर ठेवून पिशवी बेंबीकडे रेटून धरली नाही आणि नुसतीच नाळ ओढली, तर आत बसलेलीला तो ओढा थेट कळतो. ती वार सोडतच नाही. वर रेटा आणि खाली ताण, दोन्ही एकदम जुळले आणि आकुंचन आलं तरच ती मूठ सैल करते. तीस-चाळीस सेकंदांत वार खाली सरकली नाही तर ताण सोडायचा, पुढच्या कळेची वाट पाहायची. हे थांबणं हाताला शिकवावं लागतं. वर आधार न देता ओढत राहिलं तर पिशवी उलटी होऊन बाहेर येऊ शकते. तशी बाई ज्या सिस्टरने एकदा पाहिली, ती जन्मभर नाळेला जपूनच हात लावते. मला वाटतं, तशी बाई पाहावी न लागता तो जपून लावलेला हात यावा, यासाठीच हा संच आहे.

इथे एक गोष्ट ठासून सांगते, कारण गावोगावी यावर वाद होतात. जागतिक आरोग्य संघटनेने आठ देशांत केलेल्या एका मोठ्या अभ्यासात, आणि त्या आठांत भारतही होता, असं दिसलं की नाळेचा ताण वगळला तरी गंभीर रक्तस्रावात अगदी किरकोळ फरक पडतो. तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. खरी कामगिरी ऑक्सिटोसिनची. म्हणून प्रशिक्षित हात नसतील तिथे नाळ ओढायचीच नाही. एखाद्या उपकेंद्रात नवी एएनएम एकटी असेल आणि तिला सराव नसेल, तर इंजेक्शन वेळेवर द्यावं, वार आपणहून येऊ द्यावी आणि नजर ठेवावी. मी हे मामानातालीसमोर उभी राहूनच शिकवते. हात कधी लावायचा नाही, हे शिकवायलाही ती उपयोगी पडते.

पोटाच्या मसाजचंही तसंच आहे. आम्ही शिकलो तेव्हा बाळ-वार झाली की प्रत्येकीचं पोट चोळत राहायचं, अशी रीत होती. बाई कळवळायची, आम्ही चोळत राहायचो. आता सल्ला वेगळा आहे. ऑक्सिटोसिन मिळालेल्या बाईचं पोट रक्तस्राव टाळण्यासाठी म्हणून सतत चोळायची गरज नाही. त्याऐवजी पिशवी घट्ट आहे का, हे मात्र प्रत्येकीचं तपासायचंच, पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी. ढिली लागली तरच मसाज, आणि मग तो मनापासून करायचा. तळहाताची ओंजळ करून बेंबीखाली पिशवीचा माथा शोधायचा आणि गोल गोल चोळत तो आवळेपर्यंत थांबायचं नाही. आवळलेली पिशवी क्रिकेटच्या बॉलसारखी कडक लागते, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. पण ढिली कशी लागते हे कुणी सांगू शकत नाही, कारण ती हाताला जवळजवळ लागतच नाही. माथा सापडत नाही, बोटं नुसती आत जात राहतात. मामानातालीवर बांधणारी पिशवी सोडून देते आणि नवी मुलगी पोटावर हात फिरवत गोंधळते. तो गोंधळ तिला इथे अनुभवू द्यावा. मी मुद्दाम घाई करत नाही. मग हाताखाली पिशवी आवळत जाते तेव्हा तिचा चेहरा बदललेला दिसतो.

याच सरावात मूत्राशयाचा मुद्दा पक्का होतो. मूत्राशय भरलेलं असलं की पिशवी वर आणि एका बाजूला ढकलली जाते आणि नीट आवळत नाही. कितीही चोळा. मामानातालीत मूत्राशयाची सोय असल्याने कॅथेटर (लघवीची नळी) घालण्याचा सराव त्याच ओघात होतो. बाळंतिणीला आधी लघवीला नेऊन आणा, जमत नसेल तर कॅथेटर घाला. हे मी आमच्या आशाताईंनाही सांगते. त्यांनी आतून काही करायचं नाही. पण बाई घरी गेल्यावर पॅड किती वेळात भिजतो, लघवी झाली का, बाळाला अंगावर घेतलं का, आणि अंगावरून जास्त जात असेल तर १०८ ला फोन लावायला कुणाच्या परवानगीची वाट पाहायची नाही, एवढं त्या करू शकतात.

आता रक्तस्रावाच्या पूर्ण सरावाबद्दल. संचाबरोबर लाल द्रव बनवायचं साहित्य येतं. ते संपलं की आम्ही पाण्यात खाण्याचा लाल रंग मिसळतो. बांधणारी टाकी उघडते आणि खाली ठेवलेल्या चादरीवर रक्त पसरायला लागतं. तेवढ्याने खोलीतली हवा बदलते. खोटं आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी हात थरथरतात, एकजण ओरडते, दुसरी ट्रॉलीकडे धावते आणि ऑक्सिटोसिन कुठल्या खणात आहे हे तिला आठवत नाही. म्हणूनच मी औषधांच्या खऱ्या जागेवरूनच वस्तू आणायला लावते. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, म्हणजे फ्रिजमध्ये. फ्रिज लेबर रूमच्या बाहेर असेल तर तिथवर जाऊन यायला किती वेळ जातो, हे सरावातच कळतं. आमचा लहान फ्रिज आत आला तो अशाच एका सरावानंतर, वैद्यकीय अधीक्षकांनी स्वतः उभं राहून पाहिल्यावर.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतल्या ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर तो झाला. रक्त मोजून लवकर ओळखायचं आणि मग मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव थांबवायला मदत करणारं औषध), सलाईन, आणि रक्त नेमकं कुठून येतंय याची तपासणी, हे एकामागून एक न करता एकत्र करायचं. असं करणाऱ्या रुग्णालयांत गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यामुळे मृत्यू, यांचं एकत्र प्रमाण १.६ टक्के राहिलं. नेहमीच्या पद्धतीत ते ४.३ टक्के होतं. नवं औषध एकही नव्हतं. आधी एक करून पाहू, नाही जमलं तर दुसरं, ही आपली सवय मोडली, एवढंच. आम्ही त्या क्रमाने जागा वाटून घेतल्या आहेत : एकीचा हात पोटावर, एक सलाईन आणि औषधं पाहते (ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेतून, सावकाश दहा मिनिटांत, बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत), एक टाके आणि फाटलेली जागा तपासते, मावशी ऑक्सिजन आणि रक्तपेढीचा फोन सांभाळतात. रात्रपाळीला इतकी माणसं नसतात हे मलाही ठाऊक आहे. म्हणून दोघींचा सराव वेगळा घेते. कोण आधी काय करणार, हे दोघींत आधीच ठरलेलं असावं.

आणि मग येतो दोन्ही हातांनी पिशवी दाबून धरण्याचा भाग. मसाज झाला, औषधं झाली, तरी धार थांबत नाही तेव्हाचा. निर्जंतुक हातमोजा घालून एक हात योनिमार्गातून आत, मूठ करून पिशवीच्या पुढच्या भिंतीवर. दुसरा हात पोटावरून खोल, पिशवीच्या मागे. आणि मध्ये पिशवी आवळून धरायची. रक्त आटोक्यात येऊन पिशवी आवळेपर्यंत धरायची. वर्णन सोपं आहे. मी घड्याळ लावून पाच मिनिटं धरायला सांगते. दुसऱ्या मिनिटाला मनगट दुखतं, तिसऱ्याला खांदा भरून येतो, चौथ्याला दाब सैल झालेला तिला स्वतःला कळतसुद्धा नाही. पण बांधणारीला कळतो, आणि ती लगेच रक्त सोडते. ही दाद दुसऱ्या कुठल्याही साध्या पुतळ्यात मी पाहिली नाही. यातूनच आम्ही हात बदलायची रीत बसवली. पहिलीने सोडायच्या आधी दुसरीने हातमोजे घालून तयार उभं राहायचं, दाब मध्ये तुटू द्यायचा नाही.

एकदा ऊसतोडीच्या हंगामात टोळीतली एक बाई रात्री आली. बाळंतपण सुखरूप झालं, वार पूर्ण आली, आणि नंतर पिशवी ढिली पडली. मसाज, ड्रिप, ट्रॅनेक्झॅमिक, सगळं चालू झालं तरी गुठळ्या येतच होत्या. आमच्या दोघी सिस्टरनी आळीपाळीने पिशवी दाबून धरली. तिसऱ्या कुणाला सांगावं लागलं नाही, हात आपोआप बदलत होते. डॉक्टर पोचेपर्यंत रक्त कमी झालं होतं, पिशवी आवळायला लागली होती. नंतर तिला रक्त चढवावं लागलं आणि ती बाळाला घेऊन टोळीकडे परत गेली. त्या दोघींनी हे आधी खऱ्या बाईवर कधी केलेलं नव्हतं. केलं होतं ते मामानातालीवरच. संचाबद्दल माझं मत बनलं त्यात या रात्रीचा वाटा मोठा आहे, तो मी लपवत नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर हे मत अर्धवट राहील. पोटावरून महाधमनी दाबण्याची कृती यावर शिकता येत नाही. त्यात बेंबीच्या वर, किंचित डावीकडे मुठीने दाबायचं असतं आणि दाब बरोबर बसला का हे जांघेतली नाडी लागेनाशी झाली यावरून ओळखायचं असतं. मामानातालीला जांघेतली नाडी नाही. शिवाय त्या पोटामागे खरी बाई बसलेली असते, तिथे जोर लावायचाच नसतो. आम्ही नाडी शोधायचा सराव एकमेकींवर करतो, दाब न देता. पुढची कृती डॉक्टर मॅडम दाखवतात. तसंच रक्त थांबवायला कंडोमचा फुगा पिशवीत घालण्याची पद्धत, जी बांगलादेशच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी जगाला दिली, तिच्या सरावासाठी याच संस्थेचं मामा-यू हे नुसत्या गर्भपिशवीचं वेगळं साधन आहे. ते वेगळं घ्यावं लागतं. खऱ्या रक्ताचा चिकटपणा, गुठळ्या, वास, बाईचं थंड पडत जाणारं अंग, यातलं काही इथे नाही. नाडी आणि बीपीचे आकडे प्रशिक्षकाने तोंडाने सांगायचे असतात. म्हणजे शिकवणारी तयारीची हवी. तिच्याशिवाय हा संच म्हणजे नुसतं पोट.

बांधणाऱ्याबद्दल थोडं जास्त लिहिते. आमच्याकडे नियम आहे की शिकायला आलेल्या प्रत्येकाने एकदा तरी ती स्वतः बांधायची. पुरुष डॉक्टरांनीसुद्धा. एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती बांधली, टेबलावर पाय वर करून टेकले, आणि आमच्या मुली त्यांच्याभोवती कामाला लागल्या. त्यांच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलत होत्या, हात आत घालताना कुणी काही सांगत नव्हतं. सराव संपल्यावर ते म्हणाले, "सिस्टर, माझ्याशी कुणी बोललंच नाही हो. काय चाललंय तेच कळत नव्हतं." त्यानंतर त्यांच्या राउंडची पद्धत बदललेली मी पाहिली. आता आमच्या सरावात बोलण्यालाही गुण असतात. "ताई, पोटावर हात ठेवतेय, दुखेल थोडं, पिशवी घट्ट करायचीय." "ताई, रक्त जास्त जातंय, म्हणून आतून दाबून धरतेय. आम्ही इथंच आहोत." दारात उभ्या सासूबाईंना काय सांगायचं, नवऱ्याला रक्तासाठी पाठवायचं तर कुठल्या शब्दांत, हेही बांधणारी आणि भोवतालच्या मुली नाटकासारखं करून पाहतात. टेबलावरच्या प्लास्टिकच्या पुतळ्याशी कुणी असं बोलत नाही. मला विचाराल तर या संचाचं सगळ्यात मोठं देणं हेच आहे. रबर आणि पट्टे त्यानंतर येतात.

याच संचाच्या जोडीला आणखी एक वस्तू ठेवाच : रक्त मोजायची, नरसाळ्यासारखा खिसा असलेली प्लास्टिकची चादर. बाईच्या कुल्ल्याखाली ती सरकवली की रक्त खिशात उतरतं आणि त्यावरच्या खुणांवरून मिलिलिटर वाचता येतात. ही चादर आपल्या शेजारच्या बेळगावच्या कामातून पुढे आली, याचा मला आनंद वाटतो. तिथल्या केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर खेड्यांतल्या बाळंतपणांत रक्तस्राव टाळायच्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा अभ्यास केला. तो २००६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. तोंडाने दिलेल्या ६०० मायक्रोग्रॅममुळे रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. त्यात रक्त मोजायला हीच चादर होती. नुसत्या डोळ्यांनी केलेला अंदाज चादरीच्या मापापेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी भरतो, हेही तिथल्याच एका अभ्यासात दिसलं. मामानातालीचं लाल पाणी मोजून मी वेगवेगळ्या ठिकाणी ओतते, पॅडवर, चादरीवर, किडनी ट्रेमध्ये, फरशीवर, आणि सगळ्यांना आकडा लिहायला लावते. अनुभवी सिस्टरही ५०० मिलिलिटरला तीनशे म्हणतात. पूर्वी आम्ही ५०० ची वाट पाहायचो. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी सूचना दिली आहे की ३०० मिलिलिटर गेलं आणि सोबत नाडी किंवा बीपी बिघडलेलं दिसलं, तर तेव्हाच उपचार सुरू करायचे. आपल्याकडे बायांच्या अंगात आधीच रक्त कमी असतं. त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे. डोळ्यांच्या अंदाजावर ही रेषा पकडणं शक्यच नाही.

देखभाल अवघड नाही, पण रोजची आहे. वापरून झालं की टाकी, मूत्राशय आणि नळ्या साध्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायच्या, मगच बॅगेत. पावसाळ्यात ओलं ठेवलं तर बुरशी येणारच. लाल रंगाचे डाग पडतात, म्हणून जुन्या चादरी आणि जुने ॲप्रन बाजूला काढून ठेवा. वार आणि नाळ सगळ्यात जास्त हाताळली जातात, त्यामुळे त्याच आधी झिजतात. सुटे भाग मागवताना आम्हाला एका विक्रेत्याने बराच काळ ताटकळत ठेवलं, म्हणून संच घेतानाच एक जादा नाळ-वार आणि रक्ताचं जादा साहित्य बरोबर मागून घ्या. बिलात सगळे भाग वेगवेगळे लिहून घ्या. संच उघडताना स्टोअरच्या क्लार्कसमोर यादीशी ताडून पाहा.

पैसे नसतील तर काय? तरीही थांबू नका. जुन्या टॉवेलची घट्ट गुंडाळी आणि सैल गुंडाळी वापरून घट्ट आणि ढिली पिशवी दाखवता येते. वर फोमचा तुकडा आणि जुनी चादर घातली की माथा शोधायचा सराव होतो. रिकाम्या सलाईनच्या बाटलीत लाल पाणी भरून आयव्ही सेटने ते मांडीखाली सोडलं की रक्तस्राव. दोन्ही हातांनी दाबण्यासाठी हे पुरत नाही आणि वार काढण्याचा ओढा यात मिळत नाही. पण बाकी बरंचसं होतं. आमच्याकडे मामानाताली येण्याआधी मी असंच शिकवायची, आणि अजूनही उपकेंद्रांवर जाताना टॉवेलच नेते.

कुणी घ्यावी? जिथे नर्सिंगच्या मुली शिकतात, अशा प्रत्येक शाळेने. बाळंतपणं भरपूर होतात आणि माणसं सारखी बदलतात, अशा ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांनी. महिन्याला मोजकीच बाळंतपणं होणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी तर नक्कीच, कारण तिथे हाताला सराव मिळत नाही आणि संकट आलं की मोठं रुग्णालय लांब असतं. मात्र प्रत्येक केंद्राने वेगळी घेण्यापेक्षा तालुक्याला एक घेऊन ती फिरवली तरी चालेल. सगळं एका बॅगेत मावतं आणि एसटीतूनही नेता येतं.

एकदाच दिवसभराचं मोठं प्रशिक्षण ठेवून फोटो काढण्यापेक्षा दर आठवड्याला पाळी बदलताना वीस मिनिटं काढा. आमच्याकडे सकाळची पाळी सुटताना आणि दुपारची येताना, दोन्ही गटांच्या सिस्टर एकत्र असतात तेव्हा होतं. एका वेळी एकच गोष्ट : कधी फक्त वार, कधी फक्त पिशवीचा माथा शोधणं, कधी नुसतं पाच मिनिटं दाबून धरणं. कुणी काय केलं ते वहीत लिहायचं, पुढच्या वेळी राहिलेलीचा नंबर आधी. लेबर रूममध्ये बाई असेल तर सराव रद्द, तिच्याकडे जायचं. बॅग मात्र कुलपात ठेवू नका. आमची टेबलाखालीच असते, कुणीही काढावी.